राखाडी ठोकळ्यासाठी लिहिलेले संगीत

पहिल्या भागाची फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यातले यान अजून तयार झालेले नव्हते. पडद्यावर एक राखाडी ठोकळा डावीकडून उजवीकडे सरकत होता, त्याच्या मागे आकाशाच्या जागी सपाट हिरवा पडदा होता, आणि मध्येच चौकट पूर्ण काळी होऊन तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘येथे वलय उघडते, ११ सेकंद’ एवढीच सूचना येत होती. त्या ११ सेकंदांसाठी मला संगीत लिहायचे होते. वलय हळूहळू उघडते की एकदम, ते पाहून धडकी भरावी की भान हरपावे, त्याचा आकार खोलीएवढा आहे की ग्रहाएवढा, यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. दिग्दर्शकांच्या मनातही त्या दिवशी चित्र पक्के झालेले नव्हते, कारण दृश्यपरिणामांचे काम नुकतेच सुरू झाले होते आणि संगीत मात्र १४ आठवड्यांत पूर्ण करून द्यायचे होते. विज्ञानकथेच्या मालिकेचे पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे करण्याची ती माझी पहिलीच वेळ होती: एकूण ६ भाग, आणि प्रत्येक भागात साधारण २५ मिनिटे संगीत.

त्याआधीची ७ वर्षे मी दुसऱ्या संगीतकारांची सहायक होते. या क्षेत्रातल्या अनेकांची सुरुवात अशीच होते, आणि त्या कामाबद्दल फारसे बोलले जात नाही म्हणून थोडे सविस्तर सांगते. सहायकाच्या वाट्याला सुरुवातीला स्वररचना येत नाही. संकलकाकडून नवी फाइल आली की जुन्या आणि नव्या आवृत्तीत कोणते दृश्य किती फ्रेमनी हलले ते शोधणे, प्रत्येक क्यूला, म्हणजे एका दृश्यापुरत्या संगीताच्या तुकड्याला, क्रमांक देणे, वादकांसमोर ठेवायची स्वरलिपीची पाने तपासणे, संगणकावर वाजवलेल्या व्हायोलिनच्या स्वरांचे आघात एकेक करून मवाळ करणे आणि रात्री उशिरा सगळे ट्रॅक वेगळे करून मिक्सिंगच्या चमूकडे पाठवणे, अशी ती कामे असतात. चौथ्या वर्षी मला छोटे क्यू लिहायला मिळू लागले. दार उघडते आणि कोणी आत येते, तेवढ्यापुरते २० सेकंद. पाचव्या वर्षी एका मालिकेच्या एका भागातले बहुतेक सगळे संगीत मी लिहिले, पण श्रेयनामावलीत माझे नाव आले नाही. करारात तसे आधीच लिहिलेले होते आणि मी त्यावर सही केलेली होती, तरीही तो भाग प्रसारित झाला त्या रात्री मला फार वाईट वाटले.

त्या दिवसांत मी डेलिया डर्बीशायर यांच्याविषयी मिळेल ते वाचत असे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेची शीर्षकधून रॉन ग्रेनर यांनी लिहिली, परंतु १९६३ साली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये तिला प्रत्यक्ष नाद दिला तो डर्बीशायर यांनी. बाजारात सिंथेसायझर मिळत नव्हते तेव्हाचे हे काम. ऑसिलेटर या विजेवर नाद काढणाऱ्या उपकरणाचे स्वर आणि एका ताणलेल्या तारेचा टणत्कार टेपवर ध्वनिमुद्रित करायचा, टेपचा वेग बदलून हवा तो स्वर मिळवायचा, टेप कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवत धून उभी करायची. ते ऐकून ग्रेनर इतके प्रभावित झाले की डर्बीशायर यांना सहरचनाकार म्हणून श्रेय मिळावे असा त्यांनी आग्रह धरला, पण संस्थेच्या नियमांत ते बसले नाही. मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव आले ते २०१३ च्या सुवर्णमहोत्सवी भागात, त्यांच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी. स्वतंत्र काम मिळाले की माझ्या सहायकांची नावे मी कागदोपत्री नोंदवीन, असे मी तेव्हाच ठरवले होते.

कामाची खरी सुरुवात स्पॉटिंगच्या बैठकीने झाली. दिग्दर्शक, संकलक, संगीत संपादक आणि मी असे चौघे दोन दिवस एका खोलीत बसून पहिले दोन भाग थांबत थांबत पाहत होतो. संगीत कोणत्या फ्रेमवर सुरू व्हायचे, कोणत्या फ्रेमवर संपायचे आणि कुठे मुळीच असायचे नाही, हे या बैठकीत ठरते. सुरुवातीचे क्षण ठरवणे तुलनेने सोपे असते. संगीत संपवायचे कुठे, यावर मात्र आम्ही दोन्ही दिवस वाद घातला. दृश्य संपले म्हणून संगीत संपले, असे झाले की प्रेक्षकाला ते थांबल्याचे जाणवते आणि त्याची तंद्री मोडते. त्यामुळे एखाद्या दाराचा आवाज, एखादा प्रश्न किंवा यंत्राची घरघर पुन्हा सुरू होण्याचा क्षण शोधून त्याच्या आडोशाने संगीत काढून घ्यावे लागते.

पहिल्या तीन आठवड्यांत मी जे लिहिले ते जवळजवळ सगळे बाद झाले. विज्ञानकथा म्हणजे अनोळखी नाद, अशी माझी समजूत होती आणि वर्षानुवर्षे जमवलेले सगळे अनोळखी नाद मी बाहेर काढले: काचेच्या कडांवर ओढलेला गज, उलटी वाजवलेली पियानोची तार, पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पत्र्याचा ठोका, आणि वर थेरेमिनसारखा तरंगणारा एक सूर. दिग्दर्शकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे परग्रहासारखे वाटते, हे खरे आहे. पण मला ते कोणाचे वाटत नाही.” हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले.

थेरेमिनचा तो तरंगता सूर आपल्या कानांना अंतराळाचा का वाटतो, याचा मी नंतर बराच विचार केला. लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास हे वाद्य बनवले तेव्हा त्याचा अंतराळाशी काहीही संबंध नव्हता. वाद्याला स्पर्श न करता हवेत हात हलवून ते वाजवतात आणि त्यावर अभिजात संगीताच्या मैफलीही झालेल्या आहेत. बर्नार्ड हर्मन यांनी १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटात दोन थेरेमिन वापरले, आणि त्या दशकातल्या अशा चित्रपटांमुळे तो सूर परग्रहवासीयांची खूण होऊन बसला. त्यानंतर ५ वर्षांनी, १९५६ मध्ये, ‘फॉरबिडन प्लॅनेट’साठी लुई आणि बेबी बॅरन या दांपत्याने स्वतः विद्युतमंडले जोडून, त्यांत क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह सोडून, ती जळून जाईपर्यंत त्यांतून निघणारे आवाज टेपवर घेतले. संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असलेले ते चित्रपटातले पहिले पार्श्वसंगीत मानले जाते. वादकांच्या संघटनेशी वाद होऊ नये म्हणून श्रेयनामावलीत त्याला ‘संगीत’ न म्हणता ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ म्हटले गेले. बॅरन दांपत्याचे ते आवाज आज ऐकले तरी अंगावर काटा येतो, कारण ती मंडले खरोखर तडफडत होती आणि ते ऐकू येते. मी मात्र तयार झालेली खूण उचलून चिकटवत होते. माझ्या नादांमागे काहीही घडत नव्हते.

चौथ्या आठवड्यात ११ सेकंदांच्या त्या काळ्या चौकटीपाशी मी पुन्हा आले. सूचना संपल्यावर लगेच मुख्य व्यक्तिरेखेचा चेहरा दिसतो. ती यानावरची दुरुस्ती करणारी तंत्रज्ञ आहे, बाकीचे सगळे निद्राकोशांत आहेत, आणि खिडकीबाहेरचे वलय पाहणारी ती एकटीच आहे. चित्रीकरणाच्या वेळी अभिनेत्रीसमोर वलय नव्हतेच. काठीच्या टोकाला लावलेला एक चेंडू होता, आणि नजर कोणत्या उंचीवर ठेवायची ते समजावे म्हणून तो कोणीतरी धरून उभे होते. मी आवाज बंद केला आणि तो शॉट कितीतरी वेळा पाहिला. चौथ्या सेकंदाला तिचा श्वास थांबतो. सहाव्या सेकंदाला ओठ किंचित विलग होतात, पण ती बोलत नाही. आठव्या सेकंदाला तिचा डावा हात, तिच्या नकळत, खिडकीखालची दांडी चाचपतो आणि घट्ट धरतो. त्या सगळ्या चौकटीत पूर्ण झालेली गोष्ट फक्त हीच होती. यान राखाडी होते, आकाश हिरवे होते, वलयाचा पत्ता नव्हता. पण तो चेहरा आणि तो हात शेवटपर्यंत असेच राहणार होते. त्यांच्याकडे न पाहता मी तीन आठवडे ठोकळ्याकडे पाहत बसले होते.

मग मी तो क्यू तिच्या हातापासून लिहिला. वलय उघडते तेव्हा संगीत नाही. चेहरा दिसल्यावरही पूर्ण ८ सेकंद काही नाही. हात दांडीवर पडतो त्या फ्रेमवर एकटा व्हायोला, व्हायोलिनहून थोडा मोठा आणि खालच्या स्वरांचा, सुरू होतो, गज तारेच्या मधोमध हलका ओढलेला, स्वराला कंप नाही. तो एक स्वर लांबतो, अर्ध्या स्वराने वर चढतो आणि परत खाली येत नाही. बस एवढेच. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी ते ऐकले आणि तोच शॉट पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. त्यानंतरच्या १० आठवड्यांत माझी पद्धत हीच राहिली: प्रत्येक दृश्यात ज्या माणसाच्या डोळ्यांनी आपण पाहतो आहोत तो माणूस शोधायचा आणि त्याच्या श्वासाच्या, पापणीच्या, हाताच्या वेळा वहीत लिहून काढायच्या, यंत्रे आणि ग्रह नंतर.

अपुऱ्या दृश्यांवर काम करणारी मी काही पहिली नव्हते. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’मध्ये दृश्यपरिणाम इतके लांबले होते की जेरी गोल्डस्मिथ यांना अर्धवट दृश्यांवरच संगीत लिहावे लागले. यानाचे पहिले दर्शन घडते त्या लांबलचक दृश्यासाठी त्यांनी लिहिलेले संगीत दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी नाकारले, कारण त्यात ठसठशीत धून नव्हती. गोल्डस्मिथ यांनी ते नव्याने लिहिले आणि त्यातून जी मुख्य धून आली तीच पुढे १९८७ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेची शीर्षकधून झाली. त्या दृश्यात कप्तान आपल्या जुन्या यानाकडे परत आलेला आहे आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे जातो. ते संगीत ऐकताना मला कायम तो चेहराच आठवतो, आणि यान इतके प्रिय वाटते ते त्याच्या नजरेमुळे. ‘इंटरस्टेलर’साठी ख्रिस्तोफर नोलन यांनी हान्स झिमर यांना सुरुवातीला एक पान मजकूर दिला होता, त्यात बाप आणि मूल यांच्याविषयी लिहिलेले होते आणि अंतराळाचा उल्लेखही नव्हता. झिमर यांनी त्या पानावरून जी छोटी रचना केली ती त्या चित्रपटाच्या संगीताचे बीज ठरली. हे मला आधीपासून माहीत होते. माहीत असलेली गोष्ट हाताखाली यायला मला काळी चौकट लागली.

सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो टेम्प ट्रॅकने. संकलन चालू असताना लय धरण्यासाठी संकलक दुसऱ्या चित्रपटांचे तयार संगीत दृश्याखाली घालतात. ते तात्पुरते असते, पण दिग्दर्शक आणि निर्माते तीन-चार महिने तेच ऐकत राहतात आणि त्यांच्या कानांत दृश्य आणि ते संगीत एकजीव होऊन जाते. मग नवा संगीतकार काहीही घेऊन आला तरी ‘छान आहे, पण आधीचे काहीतरी वेगळे होते’ हेच उत्तर मिळते. या बाबतीतली सर्वांत ठळक घटना ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ची आहे. अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी त्या चित्रपटासाठी संगीत लिहिले आणि ते ध्वनिमुद्रितही झाले, पण स्टॅन्ली कुब्रिक यांनी शेवटी रिचर्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस आणि लिगेती यांच्या आधीच्या रचना वापरल्या. आपले संगीत चित्रपटात नाही हे नॉर्थ यांना १९६८ मध्ये चित्रपट पाहायला बसल्यावर कळले. कुब्रिक यांची निवड चित्रपटाला किती शोभली हे सगळे जाणतात, आणि तरीही प्रेक्षागृहात बसलेल्या नॉर्थ यांचा विचार मनात आला की माझ्या पोटात कालवते.

आमच्या तिसऱ्या भागातल्या एका दृश्यावर असाच टेम्प ट्रॅक चिकटून बसला होता. मी चार आवृत्त्या दिल्या आणि चारही परत आल्या. पाचव्या वेळी मी दिग्दर्शकांना विचारले की या संगीतातले नेमके काय तुम्हाला सोडवत नाही. आम्ही दोघांनी ते दृश्य पुन्हा पाहिले आणि लक्षात आले की त्यांना ना ती धून हवी होती ना ती वाद्ये. दोन पात्रे बोलायची थांबतात त्यानंतर बरोबर दोन सेकंदांनी खर्जातला एक स्वर गप्प होतो, तो रिकामेपणा त्यांना आवडत होता. तेवढा रिकामेपणा ठेवून मी बाकी सगळे नव्याने लिहिले आणि ते मान्य झाले. संगीताविषयी बोलण्याचे शब्द सगळ्यांकडे नसतात, म्हणून ते शोधून देणे मी तेव्हापासून माझ्या कामाचाच भाग मानते.

दृश्ये बदलत राहतात, हा या कामातला रोजचा त्रास. ‘पिक्चर लॉक’ झाले, म्हणजे दृश्यांची लांबी आता बदलणार नाही, असे कागदावर लिहिलेले असते, पण परिणामांचा शॉट तयार होऊन आला की तो लांब किंवा आखूड असतोच. चौथ्या भागात दोन माणसे यानाचे दुहेरी दार ओलांडून बाहेर पडतात, त्या दृश्यातला दार मिटण्याचा शॉट ४१ फ्रेमनी कमी झाला. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने ते साधारण पावणेदोन सेकंद होतात, आणि पुढचा प्रत्येक आघात तेवढा उशिरा पडू लागतो. क्यूची लय मिनिटाला ८० मात्रांची होती, म्हणजे एक मात्रा १८ फ्रेमची. चार मात्रांचा एक बार मी दोन मात्रांचा केला, त्यात ३६ फ्रेम गेल्या. उरलेल्या ५ फ्रेम त्याच्या आधीच्या दोन बारमध्ये वाटून टाकल्या, त्यासाठी लय ८० वरून ८३ च्या आसपास नेली. हे ऐकणाऱ्याला कळत नाही. कळू नये यासाठीच दोन मात्रांचा तो अपुरा बार नेमका कुठे घालायचा, यावर मी अख्खी दुपार घालवली. शेवटी तो एका पात्राच्या अडखळलेल्या पावलाखाली बसला आणि मूळच्यापेक्षा बरा वाटला.

ध्वनिरचना करणाऱ्या चमूशी मी उशिरा बोलले, ही माझी चूक झाली. विज्ञानकथेत खालच्या स्वरांची जागा आधीच भरलेली असते: इंजिनांची घरघर, हवा खेळवणारी यंत्रे, दूरचे स्फोट. माझे डबल बास आणि चेलो नेमके तिथेच उतरत होते आणि पहिल्या चाचणी मिक्समध्ये सगळा गढूळ गोंगाट झाला. यानाच्या घरघरीचा मुख्य नाद मोजला तर तो ५७ हर्ट्झचा निघाला. पाश्चात्त्य स्वरसप्तकातला खालचा ‘ए’ ५५ हर्ट्झला आहे, त्यामुळे माझे बास त्या स्वरावर आले की दोन नादांत सेकंदाला दोन ठोके पडत आणि कानाला सतत काहीतरी बिघडल्यासारखे वाटे. मी त्या चमूला घरघर ५५ वर आणता येईल का असे विचारले, त्यांनी ते आनंदाने केले, आणि मीही माझ्या मुख्य रचना एक स्वर वर नेऊन त्याच ‘ए’वर बसवल्या. मग त्या घरघरीकडे मी तंबोऱ्यासारखे पाहू लागले. यान हाच षड्ज झाला. व्हायोलाचा तो लांबणारा स्वर त्याचा पंचम होता आणि अर्ध्या स्वराने वर चढून तो कोमल धैवतावर थांबत होता. खालच्या सप्तकातून मी बास जवळजवळ पूर्ण काढून टाकले, कारण ते काम आता यानच करत होते. भाग पाहणाऱ्याला हे समजणार नाही, पण सहाव्या भागात इंजिन बंद पडते आणि षड्जच नाहीसा होतो, तेव्हा पायाखालची जमीन निघून गेल्यासारखे त्याला नक्की वाटते. तिथे आम्ही ना संगीत ठेवले ना आवाज.

यानाबाहेरच्या दृश्यांत निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही हे तत्त्व मालिकेने पाळले होते. ‘ग्रॅव्हिटी’मध्ये २०१३ साली स्टीव्हन प्राइस यांनी आघाताची तालवाद्ये टाळून, आवाजांनी करायचे काम संगीताकडून करून घेतले होते, आणि त्या कामाला ऑस्कर मिळाले. मी त्यांचा मार्ग धरला नाही, पण एक गोष्ट तिथून शिकले की आवाज नसलेल्या दृश्यात संगीताचा आरंभ फार उघडा पडतो. तिथे स्वर सुरू होताना ऐकू येऊ नये यासाठी मी तो आतल्या दृश्यातच, शिरस्त्राणातल्या श्वासाखाली सुरू करून ठेवत असे.

ध्वनिमुद्रणासाठी दोन दिवस आणि ३४ वादक एवढीच मुभा होती, म्हणून कोणते क्यू प्रत्यक्ष वाजवायचे आणि कोणते संगणकावरच ठेवायचे याची निवड करावी लागली. चेहऱ्यांचे सगळे क्यू वादकांना दिले. आधी तंतुवाद्ये आणि नंतर वेगळी हॉर्न व बास क्लॅरिनेट अशी विभागून मुद्रणे केली, म्हणजे मिक्सिंगच्या वेळी गरज पडली तर एक गट खाली घेता येतो. व्हायोलाचा तो क्यू आम्ही सात वेळा घेतला. पहिल्या सहा वेळा तो सुंदर वाजला, सातव्या वेळी गज तारेवर टेकताना किंचित थरथरला आणि स्वर लागण्याआधी घासल्याचा बारीकसा आवाज आला. वादक माझ्याकडे पाहून क्षमा मागू लागले आणि मी काचेच्या अलीकडून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. तोच मालिकेत आहे. दांडी चाचपणाऱ्या हाताचा तो आवाज आहे.

बाराव्या आठवड्यात तयार वलय पाहायला मिळाले. मी कल्पना केली होती त्याच्याशी त्याचे काहीच साम्य नव्हते. ते मधून उघडत नव्हते. अंधारात एका कडेला केसाएवढी प्रकाशरेघ दिसायची, पाच सेकंद तेवढीच राहायची, आणि मग ती रेघ कडेकडेने फिरत जायची. पहिल्या भागातला क्यू त्याखाली लावला तर एकही फ्रेम बदलावी लागली नाही, कारण तो वलयाचा नव्हताच. चौथ्या भागात मात्र वलय दुसऱ्यांदा उघडते तिथे मी मोहाला बळी पडून चार हॉर्नची चढत जाणारी फेक लिहिली होती, आणि तिचा कळस तिसऱ्या सेकंदाला येत होता. पडद्यावर तेव्हा जवळजवळ काहीच नसायचे. पुन्हा ध्वनिमुद्रण शक्य नव्हते. अंतिम मिक्समध्ये हॉर्नचा ट्रॅक वेगळा होता म्हणून तो बंद करता आला आणि खालची तंतुवाद्ये उरली. त्या चार वादकांनी ती फेक फार तन्मयतेने वाजवली होती. ती माझ्याकडे जपून ठेवलेली आहे.

काम संपल्यावर क्यू शीट भरायची असते. कोणता क्यू किती मिनिटे-सेकंदांचा आणि तो कोणी लिहिला, याची ती नोंद असते आणि पुढे प्रसारणाचे मानधन तिच्यावरूनच वाटले जाते. अनेक करारांत आता एकरकमी पैसे देऊन हे हक्कच काढून घेतात; नव्याने येणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी ते कलम दोनदा वाचावे, असे मी कळकळीने सांगेन. आमच्या करारात ते नव्हते. माझ्या दोन सहायकांनी मिळून लिहिलेल्या २३ क्यूंपुढे मी त्यांची नावे लिहिली आणि श्रेयनामावलीतही ती यावीत यासाठी निर्मात्यांकडे पाठपुरावा केला. ती आली.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मालिकेची फाइल आली. तिच्यात पहिली ४० सेकंद नुसती काळी चौकट आहे आणि ‘समुद्र वर उठतो’ अशी सूचना आहे. त्यानंतर बाकावर बसलेला एक म्हातारा दिसतो. अजून मी एकही स्वर लिहिलेला नाही. वहीत एवढीच नोंद आहे: ४३ व्या सेकंदाला तो चष्मा काढतो, पुसतो, आणि परत लावत नाही.